घर गळतंय आणि मालक मुंबईला: दुरुस्तीचा खर्च भाड्यातून वळता करण्याबाबत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोकणात भाड्याने राहणाऱ्या माणसाला मे महिन्यात आंबा-फणसाआधी छप्पर आठवतं. मालक बहुतेक वेळा मुंबईला असतो, गणपतीला नाहीतर शिमग्याला येतो, माळ्याकडे एकदा मान वर करून बघतो, "बघू, करू" म्हणतो आणि परतीच्या गाडीला बसतो. मृग लागला की पलंगाखाली बादली आणि कपाटावर प्लास्टिक. मी स्वतः रत्नागिरीत आणि चिपळुणात मिळून बरीच वर्षं भाड्याच्या घरांत काढली आहेत, त्यामुळे बदलीवर आलेले शिक्षक, परिचारिका, बँकेतली मुलं, बाजारातले गाळेवाले हेच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. मी वकील नाही. प्रकरण कोर्टापर्यंत जाण्याची चिन्हं असतील तर तालुक्याच्या वकिलाला कागद दाखवाच.

दुरुस्ती आपण करून घेतली तर तो खर्च भाड्यातून वळता करता येतो का?

येतो. पण आधी लेखी नोटीस, मग ठरलेली मुदत, मग काम, मग हिशोब आणि शेवटी वळती, हा क्रम सोडायचा नाही. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. आधी काम करून घेतात, पुढच्या महिन्यात कमी भाडं पाठवतात आणि मालकाने फोन केल्यावर कारण सांगतात. असं केलं की खरी बाजू असूनही तुम्ही थकबाकीदार दिसता.

मला नेमका कोणता कायदा लागू होतो?

हा प्रश्न नीट सोडवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिली शक्यता, तुम्ही खऱ्या अर्थाने भाडेकरू आहात आणि घर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू असलेल्या भागात आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे, पण राज्यातल्या प्रत्येक गावाला तो लागू नाही. कायद्याच्या अनुसूचींमध्ये जे भाग दिले आहेत तिथेच तो चालतो. बाजारपेठेतल्या जुन्या चाळी, पागडीच्या (सुरुवातीला मोठी रक्कम देऊन घेतलेल्या) खोल्या, पिढ्यान्पिढ्या चालत आलेले गाळे यांना बहुधा हाच कायदा लागतो. तुमचं गाव अनुसूचीत आहे की नाही हे वकील पाच मिनिटांत सांगेल. यातलं कलम १४ आपल्या कामाचं, त्यात मालकाला निदान पंधरा दिवसांची नोटीस द्यायला सांगितली आहे.

दुसरी शक्यता, तुम्ही भाडेकरूच आहात, पण घर अशा गावात आहे जिथे तो कायदा पोचत नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ धरायचा. त्याच्या कलम १०८ मधला खंड (फ) सांगतो की जी दुरुस्ती करायला मालक बांधील आहे ती त्याने नोटिशीनंतर वाजवी वेळेत केली नाही, तर भाडेकरूने ती करावी आणि खर्च व्याजासह भाड्यातून वळता करावा, किंवा मालकाकडून दुसऱ्या मार्गाने वसूल करावा. इथे पंधरा दिवसांचा आकडा नाही, "वाजवी वेळ" आहे. एक मेख लक्षात ठेवा. हा खंड मालक कशाला बांधील आहे ते ठरवत नाही, ते करारातून किंवा गावच्या रीतीतून दाखवावं लागतं. म्हणून खेड्यात करारातलं एक वाक्य फार मोलाचं.

तिसरी शक्यता आज सगळ्यात जास्त आढळते: अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार. या करारात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसता, परवानाधारक असता. कलम १४ भाडेकरूंना हक्क देतं. परवानाधारकाने त्याच्या भरवशावर पैसे वळते करू नयेत. तुमचा हक्क करारात लिहिला असेल तेवढाच. सही करण्यापूर्वी एवढं वाक्य घालून घ्या: "छप्पर, भिंती, वायरिंग, पाण्याची पाइपलाइन व पंप यांची दुरुस्ती घरमालक करतील. लेखी कळवल्यापासून पंधरा दिवसांत त्यांनी ती न केल्यास परवानाधारकाने ती करून घ्यावी व पावत्यांप्रमाणे होणारा खर्च मासिक शुल्कातून वळता करावा." चांगला मालक याला नाही म्हणत नाही. जो सहीच्या दिवशीच नाही म्हणतो, तो पावसात काय म्हणेल याचा अंदाज बांधा.

कोणती दुरुस्ती मालकाची आणि कोणती माझी?

कलम १४ म्हणतं की करारात वेगळं ठरलं नसेल तर घर चांगल्या आणि राहण्याजोग्या स्थितीत ठेवणं मालकावर बंधनकारक आहे. "राहण्याजोगं" याचा अर्थ घाटावर एक आणि आपल्याकडे दुसरा होतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कौलारू घरात दर उन्हाळ्यात कौलं परतावी लागतात. फुटकी मंगलोरी कौलं बदलायची, सरकलेली बसवायची, रीप (कौलं टेकतात त्या आडव्या पट्ट्या) आणि वासे ठोकून बघायचे, आढ्याजवळची कौलं पक्की करायची. ही शाकारणी टाळली तर पहिल्या वर्षी दोन जागी गळतं, दुसऱ्या वर्षी वासा ओला राहतो, तिसऱ्या वर्षी त्याला वाळवी लागते आणि मग सुताराचं बिल कौलांच्या कितीतरी पट होतं. शाकारणी हे मालकाचं काम आहे. जांभ्याच्या भिंतींचंही तसंच. चिरा पाणी शोषतो, बाहेरचा गिलावा फुटला की ओल आतल्या भिंतीवर चढते आणि विजेच्या बोर्डात उतरते. ओल्या भिंतीतल्या बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करून आजच वायरमन बोलवा, नोटिशीचं नंतर बघू.

स्लॅबच्या घरात दुखणं वेगळं. खारा वारा आणि पाऊस मिळून आतल्या सळया गंजवतात. गंजलेली सळई फुगते, तिला जागा जास्त लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटून खाली पडतं. छताला तांबूस डाग आणि सळईच्या रेषेत चीर दिसली तर ते रंगकाम नव्हे. तिथे इंजिनिअरला दाखवायला हवं आणि तो खर्च मालकाचा.

विहिरीवरचा पंप, टाकी, तुंबलेली सेप्टिक टाकी, मूळ वायरिंग या गोष्टीही घर राहण्याजोगं ठेवण्यातच येतात.

आपल्या वाट्याला काय? दिवे, नळाचा वायसर, आपल्या हातून फुटलेली काच, आपल्या मुलाने उखडलेली कडी. आपल्या चुकीने झालेलं नुकसान मालकाच्या खात्यावर टाकायचं नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे आपल्यावरही कर्तव्य आहे: नेहमीची झीज सोडली तर घर घेतलं तसं ठेवायचं, आणि आपल्या चुकीने झालेला दोष मालकाने कळवला की तीन महिन्यांत दुरुस्त करायचा. दोष आपल्या चुकीचा नसला तरी पहिला थेंब पडला की मालकाला लगेच सांगा. "दोन वर्षं गळत होतं पण बोललो नाही" ही सहनशीलता नंतर आपल्यावरच उलटते.

नोटीस वकिलाकडूनच पाठवावी लागते का?

नाही. साध्या कागदावर, मराठीत, आपल्या सहीने पाठवलेली चालते. कलम १४ "टपालाने किंवा अन्य रीतीने" म्हणतं. मी स्पीड पोस्टाने पाठवायला सांगतो आणि तोच कागद फोटो काढून व्हॉट्सॲपवरही टाकायला सांगतो. पोस्टाची पावती आणि पोचल्याचा पुरावा जपून ठेवा, कारण पंधरा दिवस नोटीस मालकाला मिळाल्यापासून मोजायचे, तुम्ही लिहिल्यापासून नाही.

मजकूर असा ठेवा:

"आपल्या मालकीच्या (पत्ता) या घरात मी (तारीख) पासून भाडेकरू म्हणून राहत आहे. भाडे (महिना) अखेर पूर्ण भरलेले आहे. स्वयंपाकघर आणि माजघरावरील छपरातून गळती होत असून तीन रिपा कुजल्या आहेत व मागच्या भिंतीत ओल आली आहे. फोटो सोबत जोडले आहेत. ही नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत दुरुस्ती करून द्यावी. तसे न झाल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार मी ती करून घेईन व खर्च भाड्यातून वळता करीन. कारागिराने दिलेला खर्चाचा अंदाज सोबत जोडला आहे. आपण स्वतः पाहायला येणार असल्यास दिवस कळवावा."

"भाडे पूर्ण भरलेले आहे" हे वाक्य खरं असेल तेव्हाच लिहा. थकबाकी असेल तर आधी ती भरा. खेड्यातल्या घरासाठी कलम १४ च्या जागी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ लिहा आणि परवानाधारक असाल तर करारातल्या कलमाचा आकडा.

भाषा मऊ ठेवा. घरमालक झाला तरी तो बऱ्याचदा आपल्याच वाडीतला काका असतो, आणि उद्या त्याच्याच विहिरीचं पाणी प्यायचं असतं.

पंधरा दिवस थांबेपर्यंत पाऊस आला तर?

म्हणून नोटीस एप्रिलमध्येच जायला हवी. ५ एप्रिलला पोस्टात टाकली, १० ला मुंबईत पोचली, तर २५ ला मुदत संपते आणि मे महिना हातात राहतो. मेच्या मध्यावर गवंडी आणि सुतार शोधायला निघालात तर प्रत्येक जण आधीच कुणाच्या तरी छपरावर असतो. ७ जूनच्या आसपास मृग लागतो, त्यानंतर कौलांवर पाय ठेवायला कोणी धजत नाही. शेवाळलेलं कौल घसरतं.

तरीही भर पावसात काही झालंच तर? कलम १४ मध्ये तातडीच्या कामासाठी वेगळी सवलत लिहिलेली नाही. अशा वेळी मी दोन गोष्टी करायला सांगतो. प्लास्टिक किंवा ताडपत्री टाकून तात्पुरती सोय करा. आणि मालकाला फोन करून पक्क्या कामाची परवानगी लेखी मिळवा. व्हॉट्सॲपवर "करून घे, भाड्यातून वळते कर" एवढं त्याने लिहिलं की मुदतीचा प्रश्नच उरत नाही, कारण ते तुम्हा दोघांचं ठरलेलं झालं. तो संदेश डिलीट करू नका आणि फोन बदलताना सांभाळा. फोनवर नुसतं "हो हो" म्हणाला असेल तर लगेच त्याला लिहा, "आत्ता बोललो त्याप्रमाणे उद्या काम सुरू करतो."

किती रक्कम वळती करता येते?

कलम १४ प्रमाणे एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंत, त्याहून जास्त नाही.

समजा भाडं महिना ५,००० रुपये. वर्षाचे झाले ६०,०००. चौथा हिस्सा १५,०००. छपरावर २१,५०० खर्च झाले, तर या वर्षी १५,००० आणि उरलेले ६,५०० पुढच्या वर्षी.

आता हे १५,००० सलग तीन महिने भाडं न देऊन वळते करावेत की थोडे थोडे? माझं ठाम मत आहे, थोडे थोडे. दरमहा १,२५० कमी करून ३,७५० पाठवा आणि प्रत्येक वेळी सोबत लिहा, "जूनचे भाडे ५,०००, वजा दुरुस्ती १,२५०, पाठवले ३,७५०, वळती करायची बाकी १३,७५०." तीन महिने खात्यावर काहीच जमा नसेल तर ते थकबाकीसारखं दिसतं आणि भांडणाला निमित्त होतं. दरमहा काहीतरी जातंय आणि हिशोबही जातोय, हे चित्र कोर्टातही स्वच्छ दिसतं.

चाळीतले भाडेकरू मिळून छप्पर करणार असतील तर प्रत्येकाचा वाटा त्याच्या भाड्याच्या प्रमाणात. २,०००, ३,००० आणि ५,००० भाडं देणाऱ्या तिघांनी ४०,००० खर्च केले तर वाटे ८,०००, १२,००० आणि २०,००० असे पडतात. चौथ्या हिश्श्याची मर्यादा प्रत्येकाला आपापली: पहिल्याला वर्षाला ६,०००, दुसऱ्याला ९,०००, तिसऱ्याला १५,०००. नोटीसही सगळ्यांच्या सह्यांनी एकच द्यावी.

आमचा गवंडी बिल देत नाही. काय करू?

देणारही नाही, त्याच्याकडे बिलबुक नसतं. पण हा प्रश्न हलका नाही, कारण कलम १४ मध्ये भाडेकरूने ठेवलेल्या हिशोबाला आणि पावत्यांना निर्णायक पुरावा मानलं आहे. एवढं मोठं बळ कायदा देतो, तेव्हा हिशोबही त्या तोडीचा हवा. वही घाला. कौलं किती नग, कुठल्या वखारीतून, दर काय, टेम्पोभाडं किती. मजुरीसाठी साध्या कागदावर लिहून घ्या: कारागिराचं नाव, दिवस किती, काम काय, रक्कम, सही किंवा अंगठा. पैसे शक्यतो फोनवरून पाठवा म्हणजे तारीख आपोआप राहते. कामाआधीचे, चालू असतानाचे आणि झाल्यावरचे फोटो एकाच जागेवरून काढा. काढलेली कुजकी रीप किंवा गंजलेला पाइप लगेच टाकू नका. माझ्या एका घरमालकांनी "तिथे काही खराब नव्हतंच" असं ऐकवलं होतं. वाळवीने पोखरलेला वासा मागच्या पडवीत ठेवला होता म्हणून बोलणं तिथेच संपलं.

आणि दर वाजवी हवा. साध्या कौलांच्या जागी हौसेने भारी पत्रे घातले तर ती दुरुस्ती नव्हे, सुधारणा झाली.

भाडं कापलं म्हणून मालक घर खाली करायला सांगू शकतो का?

सांगू शकतो, काढू शकत नाही. भाडे नियंत्रण कायद्यात, भाडं आणि कायदेशीर वाढ देणाऱ्या आणि द्यायला तयार असणाऱ्या भाडेकरूला थकबाकीच्या कारणावरून काढता येत नाही. थकबाकीसाठी दावा लावायचा तर मालकाने आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नव्वद दिवस थांबावं लागतं. दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत थकीत रक्कम वर्षाला १५ टक्के सरळव्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरली आणि पुढे नियमित भरत राहिलात, तर त्या कारणावरून घर खाली करण्याचा हुकूम होत नाही. म्हणून वळते केलेले पैसे कोर्टाने नामंजूर केले तरी एकदम रस्त्यावर यायची वेळ येत नाही. पण नव्वद दिवसांची मुदत चुकवू नका. हे दावे आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्या कोर्टात चालतात.

लिव्ह अँड लायसन्सवाल्यांना हे कवच नाही. करार संपला की घर सोडावंच लागतं. अडून राहिल्यास दुप्पट शुल्काचा बोजा येऊ शकतो. तेव्हा वळती करायची रक्कम मुदत संपायच्या आत मिटवा.

मालक एक नाही, सहा भाऊबंद आहेत. नोटीस कोणाला?

कोकणात सामाईक घरं पुष्कळ, म्हणून हा प्रश्न येतोच. भाडे नियंत्रण कायद्यात घरमालक म्हणजे स्वतःसाठी किंवा दुसऱ्याच्या वतीने भाडं घेणाराही येतो. म्हणून भाडं ज्याच्या हातात किंवा खात्यात जातं त्याला नोटीस द्याच. बाकीच्यांची नावं ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर, म्हणजे नमुना ८ वर, किंवा नगर परिषदेच्या कर आकारणीवर मिळतील. पत्ते मिळाले तर त्यांनाही प्रत पाठवा. भावाभावांत घराचा दावा चालू असेल तर हे जास्तच जपून करा, नाहीतर एक म्हणेल "मी परवानगी दिलीच नव्हती".

वादळाने छप्पर उडालं किंवा पुराचं पाणी शिरलं तर?

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोलीकडची घरं उघडी पडली. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं, महाडला सावित्रीचं. दोन्ही वेळा भाडेकरूंनी विचारलं, घर राहण्यालायक नाही तर भाडं का द्यायचं?

आग, वादळ, पूर यांनी घराचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०८ (ई) प्रमाणे भाडेपट्टा रद्द समजण्याचा पर्याय भाडेकरूला आहे. अट अशी की नुकसान त्याच्या चुकीने झालेलं नसावं. पण हा पर्याय म्हणजे घर सोडणं. जागा ताब्यात ठेवायची आणि भाडंही द्यायचं नाही असा अर्थ त्यातून निघत नाही. पागडीच्या खोलीतल्या किंवा जुन्या गाळ्यातल्या माणसाने रागाच्या भरात "आम्ही सोडतो" असं लिहून देऊ नये, पिढीचा हक्क एका ओळीत जातो. त्याने दुरुस्तीची नोटीस द्यावी आणि भाडं चालू ठेवावं.

तलाठी पंचनाम्याला येतील तेव्हा घरी थांबा. घराचं नुकसान मालकाच्या नावे लिहिलं जातं, पण भिजलेलं धान्य, भांडी, कपडे, गाळ्यातला माल हे तुमचं आहे आणि तुमच्या नावे लिहिलं जायला हवं.

सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये गच्चीतून गळतंय.

गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे नमुना नियमावलीप्रमाणे, गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीने काढायची, संडास-मोरीतली अंतर्गत गळती सदस्याने. तुमचा व्यवहार मालकाशी आहे, सोसायटीशी नाही. मालकाला लिहा आणि त्याने सोसायटीला लिहिलेल्या पत्राची प्रत मागा. गच्चीवर स्वतः खर्च करू नका.

चिडून मालकाने पाणी किंवा वीज तोडली तर?

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ प्रमाणे अत्यावश्यक पुरवठा तोडायला बंदी आहे आणि तो पूर्ववत करून घेण्यासाठी कोर्टात अर्ज करता येतो. त्याच दिवशी पोलीस ठाण्यातही लेखी तक्रार द्या.

दुरुस्तीबरोबर ओटा, जाळी, पुढे पत्र्याची पडवीही करून घेऊ का?

मालकाच्या लेखी संमतीशिवाय कायमचं बांधकाम केलं तर ते घर खाली करून मागायचं कारण होतं. स्वयंपाकाचा ओटा, लाकडी पार्टिशन, दरवाजा, हवेसाठी खिडकी, धुराडं असली कामं पालिकेची परवानगी घेऊन केली तर कायदा त्यांना कायमचं बांधकाम धरत नाही. पत्र्याची पडवी मात्र त्या यादीत नाही. झडीसाठी झावळ्यांची तट्टी बांधा, पावसानंतर सोडा. आणि यातला कुठलाच खर्च भाड्यातून वळता होत नाही.

दुरुस्तीसाठी घर खाली करा, म्हणाले. करावं का?

तोंडी शब्दावर नाही. खरोखरच खाली केल्याशिवाय दुरुस्ती होत नसेल तर मालकाने कोर्टात जावं. तिथे दुरुस्तीनंतर भाडेकरूला परत घेण्याची तरतूद कायद्यात आहे. इमारत धोकादायक असल्याची नगर परिषदेची नोटीस आली असेल तर मात्र जीव आधी. आपला ताबा, भाडं आणि क्षेत्रफळ लिहून घेऊन बाहेर पडा.

महिन्याला निम्मं भाडं कापता येतं असं मोबाइलवर वाचलं.

ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यातलं आहे. तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. आपल्याकडे चौथा हिस्सा, तोही वर्षाच्या भाड्याचा.

लेखी करारच नाही. मग?

भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा तो नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, मानलं जातं. भाड्याच्या पावत्या, खात्यातल्या नोंदी, वीजबिल हे सगळं एका पिशवीत ठेवा, आणि ती पिशवी गळत नाही अशा खोलीत.

मी बसवलेला पंप घर सोडताना नेता येईल का?

त्याचे पैसे भाड्यातून वळते केले असतील तर तो मालकाचा. स्वतःच्या पैशाने बसवला असेल, तर ताबा सोडण्यापूर्वी काढून नेता येतो, फक्त जागा होती तशी करून द्यायची. चावी देण्याच्या आदल्या दिवशीच काढा. चावी दिल्यावर मागायला गेलात तर मालक मुंबईला गेलेला असतो.